टिटवाळ्याचा टू-बीएचके 44 लाखांचा नाही, ताई

प्रश्न : कळव्यात 22 हजार भाड्यानं राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 78 हजार, शिल्लक 12 लाख. यांची नोकरी परळला, माझी मुलुंडला, मुलगा दुसरीत. टिटवाळ्याला बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत 44 लाखांत टू-बीएचके मिळतोय, ताबा दोन वर्षांनी. सेल्सवाले म्हणतात 10 टक्के भरा, बाकी बँक देते. सासूबाई म्हणतात भाडं म्हणजे पैसे पाण्यात. घ्यावा का?

उत्तर : ताई, हा फ्लॅट घेऊ नका. घर घ्याच, पण दुसरं.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या खालच्या ओळी बघा. पार्किंग 2 लाख, विकास आणि क्लबहाऊस दीड लाख. म्हणजे किंमत साडेसत्तेचाळीस लाख झाली. जीएसटीचा 1 टक्क्याचा दर 45 लाखांपर्यंतच्या घरांना मिळतो, आणि त्या 45 मध्ये हे जादा आकारही धरतात. ते ओलांडलं की पूर्ण रकमेवर 5 टक्के, म्हणजे 2,37,500. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 3,32,500, नोंदणी 30 हजार. हे सहा लाख बँक कर्जात सहसा धरत नाही. 30 लाखांच्या वरच्या कर्जाला बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, तेव्हा स्वतःचे आणखी साडेनऊ लाख हवेत. एकूण साडेपंधरा. तुमच्याकडे 12 आहेत. उरलेले वैयक्तिक कर्जातून उभे करायला कोणी सुचवेल, त्याला ठाम नाही म्हणा.

खरी ओढाताण ताब्याआधीची. निम्मं कर्ज उचललं गेलं की साडेआठ टक्क्यांनी महिना साडेतेरा हजार नुसतं व्याज, वर 22 हजार भाडं. ताबा लांबला की हे दुहेरी ओझंही लांबतं. आणि सासूबाईंना सांगा, 38 लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांसाठी हप्ता 33 हजार, त्यातले पहिल्या महिन्याचे जवळपास 27 हजार व्याजातच जातात.

टिटवाळा कसारा मार्गावर, कल्याणच्या पुढे. लोकल कमी, एक चुकली की कल्याणला जाऊन बदला. तुमच्या यजमानांनी एक आठवडा सकाळी आठला तिथून निघून संध्याकाळी तिथंच परतून पाहावं. दुपारी शाळेतून आलेल्या मुलाजवळ कोण, हेही आत्ताच ठरवा. पाळणाघराचे पैसे हप्त्याइतकेच नेमानं जातात.

त्याऐवजी कल्याण-डोंबिवलीत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) असलेला जुना वन-बीएचके बघा, 35 लाखांच्या आसपास. जीएसटी नाही, भाडं लगेच थांबतं. स्वतःचे 7 लाख, मुद्रांक आणि नोंदणी पावणेतीन लाख, दलाली आणि सोसायटीचं हस्तांतर शुल्क धरून साडेदहाच्या आत. 28 लाखांचा हप्ता 24,300, आणि सहा हप्ते पुरतील एवढी रक्कम हाताशी राहते. खरेदी एकट्या तुमच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते, 35 हजार वाचतात. त्याआधी बँकेला विचारा, आणि हेही धरा, की मालक नसलेल्या सहकर्जदाराला व्याजाची करसवलत मिळत नाही.

या भागात कागद तपासण्यात कसूर नको. कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारतींनी बनावट बांधकाम परवानगीवर महारेराची (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवली होती आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्यावर पाडकामाचे आदेश दिले. आत राहणारी कुटुंबं हप्ते भरत होती. म्हणून महारेरा क्रमांक पाहून थांबू नका. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा, जावक क्रमांक त्यांच्या नोंदीशी जुळवा. जुन्या घरासाठी आधीच्या सगळ्या करारांची साखळी, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र मागा.

टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर बुकिंग फॉर्मवरची रद्द करण्याची अट वाचा आणि नकार फोनवर न सांगता ईमेलनं कळवा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तेवढं त्या ईमेलमध्ये लिहा.