कवटीची छिद्रं पाठ करू नका, आधी कवटी नीट धरायला शिका

प्रश्न असा आहे: “कवटीच्या तळाची सगळी फोरामिना (छिद्रं) आणि त्यातून काय काय जातं, हे लक्षात ठेवायला एखादं सोपं निमॉनिक (आठवणीचं सूत्र) आहे का? व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, पंधरा दिवसांवर आली आहे.”

एक सोडून पन्नास आहेत. आणि त्यातलं एकही टेबलावर कामाला येत नाही, कारण परीक्षक यादी विचारतच नाही. तो कवटी हातात देतो आणि म्हणतो, “ओव्हॅल (तळातलं एक लंबगोल छिद्र) दाखवा.” ओव्हॅलमधून जाणाऱ्या चार गोष्टी धडाधड म्हणून दाखवणारी मुलं काडी नेमकी शेजारच्या स्पायनोसम छिद्रावर टेकवतात. यादी तोंडात असते, हाड हातात नसतं.

बावीस हाडं, आठ मेंदूभोवतीची आणि चौदा चेहऱ्याची, हे तुम्हाला येत असणारच. ते सोडून देतो.

कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलायची नाही. तिथली आतली भिंत एथमॉइड आणि लॅक्रिमलची, कागदासारखी पातळ. बोट आरपार जातं आणि मग त्या कवटीवर कुणालाच काही शिकता येत नाही. झायगोमॅटिक आर्च, म्हणजे गालाच्या हाडाची कमान, ही बादलीची कडी नव्हे, तिथेही धरायचं नाही. दोन्ही तळहात खालून घ्या. टेबलावर ठेवताना खाली कापडाची चुंबळ ठेवा, नाहीतर कानाखालचा सुईसारखा स्टायलॉइड प्रोसेस पहिल्या आठवड्यातच जातो. मग ऑर्बिटची, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची, खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत आणा. हेच फ्रँकफर्ट प्लेन. हे न करता ‘वर’, ‘पुढे’, ‘मागे’ असे शब्द वापरण्यात काही अर्थ नाही.

आता वरचं झाकण काढून आत बघा आणि स्फिनॉइड शोधा. मराठी पुस्तकात याला जतूकास्थी म्हणतात. जतूक म्हणजे वटवाघूळ, आणि हाड दिसतं अगदी तसंच: मधे अंग, दोन लहान पंख, दोन मोठे पंख, खाली लोंबणारे पाय म्हणजे टेरिगॉइड प्रोसेस. बाकी हाडांची मराठी नावं विसरलात तरी चालेल, हे ठेवा, कारण निम्मा पेपर या वटवाघळावर आहे. लहान पंखाच्या मुळाशी ऑप्टिक कॅनाल, दृष्टीच्या नर्व्हची वाट. लहान आणि मोठ्या पंखांमधली फट म्हणजे सुपीरियर ऑर्बिटल फिशर. मेंदूतून निघणाऱ्या क्रेनियल नर्व्हपैकी तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली फांदी तिथून डोळ्याकडे जाते. मोठ्या पंखात पुढून मागे आणि बाहेर वळत जाणारी चंद्रकोर: रोटंडम, ओव्हॅल, स्पायनोसम.

ओळखायची खूण अशी. कवटी उलटी करा. रोटंडम खालून दिसतच नाही, कारण ते खाली उघडत नाही, पुढे वरच्या जबड्यामागच्या टेरिगोपॅलटाइन फोसात (खळग्यात) उघडतं. ओव्हॅल दिसतं, लॅटरल टेरिगॉइड प्लेटच्या मागच्या कडेच्या मुळाशी. त्याच्या मागे-बाहेर टाचणीच्या डोक्याएवढं स्पायनोसम. पुन्हा सरळ करून स्पायनोसमपासून निघालेली खाच नखाने चाचपत बाहेर आणि वर जा. ही मेंदूच्या आवरणाला रक्त देणाऱ्या मिडल मेनिंजियल आर्टरीची वाट. पुढच्या फाट्याने तुम्ही टेरियॉनच्या, म्हणजे कानशिलावरच्या हाडांच्या जोडाच्या, आतल्या बाजूला पोचता. बाहेरून ती जागा झायगोमॅटिक आर्चच्या मध्यापासून साधारण चार सेंटिमीटर वर, चार हाडं एच आकारात भेटतात तिथे. कवटी उजेडासमोर धरा, इथलं हाड पातळ असल्याने प्रकाश झिरपताना दिसतो. कानशिलावर मार बसला की एक्स्ट्राड्यूरल (हाड आणि मेंदूचं आवरण यांमधला) रक्तस्राव का होतो, हे पुन्हा पाठ करावं लागत नाही.

आता लॅसेरम. यावर मी गप्प बसू शकत नाही, हा वाद माझा जुना आहे. ‘इंटर्नल कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी मोठी आर्टरी) फोरामेन लॅसेरममधून जाते’ हे वाक्य नोट्समधून नोट्समध्ये उतरत आलंय आणि ते चूक आहे. लॅसेरम म्हणजे फाटलेलं. वाळलेल्या कवटीत पेट्रसचं (कानाच्या हाडाच्या टणक भागाचं) टोक, स्फिनॉइड आणि ऑक्सिपिटल यांच्या मधे खडबडीत कडांचं मोठं भोक दिसतं, म्हणून वाटतं की एवढं मोठं भोक आहे तर मोठंच काहीतरी जात असणार. जिवंत माणसात त्याचा खालचा भाग फायब्रोकार्टिलेजने (चिवट कूर्चेने) बुजलेला असतो. हाडं साफ करताना ते निघून गेलं, एवढंच. पूर्ण आरपार जातात त्या किरकोळ गोष्टी: असेंडिंग फॅरिंजियल आर्टरीची एक मेनिंजियल फांदी आणि एमिसरी व्हेन्स (कवटीच्या आतल्या-बाहेरच्या शिरा जोडणाऱ्या).

पटत नसेल तर मऊ, प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक तार घ्या. टोक दुमडून बोथट करा, नाहीतर आतलं हाड खरवडेल. कवटी उलटी करून ज्युग्युलर फोरामेनच्या लगेच पुढे असलेलं गोल छिद्र शोधा. हे कॅरोटिड कॅनालचं खालचं तोंड. तार आत घाला. साधारण एक सेंटिमीटर सरळ वर जाते आणि अडते. इथेच लोक जोर लावतात आणि हाड तोडतात. जोर लावायचा नाही; तार थोडी मागे घेऊन टोकाला बाक द्या आणि पुढे-आत वळवा. काटकोनात वळून ती पेट्रसच्या टोकाशी बाहेर येते, म्हणजे लॅसेरमच्या वरच्या भागात, आणि तिथून वर स्फिनॉइडच्या अंगाशेजारी, कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीच्या दिशेने चढते. म्हणजे आर्टरी बुजलेल्या भोकाच्या झाकणावरून गेली, भोकातून नाही. भोकातूनच जायचं असतं तर पेट्रसच्या पोटात एवढा बोगदा कशाला लागला असता? याच जागी ग्रेटर पेट्रोझल आणि डीप पेट्रोझल या नर्व्ह एकत्र येऊन टेरिगॉइड कॅनालमध्ये शिरतात, तेही नीट बघून ठेवा. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही: नाकामागच्या फॅरिंक्समधला (घशातला) कर्करोग वर चढतो तेव्हा लॅसेरमचा हा मऊ बूच त्याच्या वाटांपैकी एक असतो.

कवटीचा तळ आतून पुढचा, मधला, मागचा अशा तीन खड्ड्यांचा; मागचा खड्डा सोपा आहे, उगाच बाऊ करतात. वरून खाली उतरा, नर्व्हचे आकडे क्रमाने येतात: इंटर्नल अकूस्टिक मीटसमध्ये (कानाच्या आतल्या वाटेत) सातवी-आठवी, त्याखाली ज्युग्युलरमध्ये नववी-दहावी-अकरावी, त्याहून खाली-आत हायपोग्लॉसल कॅनालमध्ये बारावी. उजवं ज्युग्युलर फोरामेन बहुधा डाव्यापेक्षा मोठं असतं, कारण मेंदूवरून मागे येणाऱ्या सॅजिटल सायनस या मोठ्या शिरेचं रक्त सहसा उजवीकडे वळतं. त्याला विकृती समजू नका. चेहऱ्यावर सुप्राऑर्बिटल, इन्फ्राऑर्बिटल आणि मेंटल ही तीन जवळजवळ एका उभ्या रेषेत, पाचवीच्या तीन फांद्यांसाठी एकेक. झालं.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. प्लॅस्टिकच्या कवटीत स्पायनोसम बऱ्याचदा नुसता खळगा असतो आणि कॅरोटिड कॅनाल आतून बंद. तारेचा प्रयोग खऱ्या हाडावरच करा. ओव्हॅलच्या पुढे-आत एक बारीक जादा छिद्र दिसलं तर ते फोरामेन व्हेसालियस, काही कवट्यांत असतं, काहींत नसतं. कॉन्डिलच्या (मानेच्या मणक्यावर टेकणाऱ्या उंचवट्याच्या) मागचं छिद्रही कधी एकाच बाजूला असतं. शिवणीतली सुटी छोटी हाडं म्हणजे वर्मियन, फ्रॅक्चर नव्हे. वरची मापंही सरासरीची, फूटपट्टी घेऊन भांडू नका.

पंधरा दिवसांत रोज कवटीचा एकच खड्डा घ्या, डोळे मिटून बोटाने छिद्रं शोधा, मग उघडून काडीने खात्री करा. त्यानंतरही निमॉनिक हवंच असेल तर ओव्हॅलसाठी ‘मेल’ (MALE) पुरे: मॅन्डिब्युलर, ॲक्सेसरी मेनिंजियल, लेसर पेट्रोझल, एमिसरी व्हेन. आणि परीक्षक लॅसेरमबद्दल जुन्या मताचे निघाले तर वाद घालू नका. “कॅरोटिड त्याच्या वरच्या भागातून जाते, सर” एवढं म्हणा. वाक्य खरं आहे, आणि त्यांनाही चालतं.