अँटवर्पची अंगठी आणि हिऱ्याची मोड

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "वय 54, अनुदानित शाळेत शिक्षिका. चार वर्षांनी निवृत्ती, जुनी पेन्शन लागू. यजमानांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मे महिन्यात 14 लाखांची मुदत ठेव संपते, त्याखेरीज हाताशी फारसं काही नाही. मुलगी बेल्जियममध्ये ल्युव्हेनला नोकरी करते, डिसेंबरमध्ये कोल्हापुरात तिचं लग्न. जूनमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. दीर म्हणतात, तिथलं अँटवर्प शहर ही हिऱ्यांची राजधानी, तिथे घाऊक भाव मिळतो, 7 लाखांची एक कॅरेटची अंगठी घ्या; दागिना होईल आणि गुंतवणूकही. यजमान म्हणतात, तेवढ्याच पैशात गुजरीतून (इथल्या सराफ बाजारातून) सोनं घे. मुलगी म्हणते, लॅबमधला हिरासुद्धा चालेल. काय करू?"

ताई, नमस्कार. उत्तर आधी सांगतो. 7 लाखांची अंगठी घेऊ नका. अँटवर्पची अंगठी मात्र जरूर घ्या, तीन लाखांच्या आत, आणि ते पैसे लग्नखर्चाच्या वहीत लिहा. ठेवींच्या वहीत नको.

तुमच्या दिरांना अँटवर्पचं कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. खोटे हिरे-माणकं विकण्यावर बंदी घालणारा हुकूम त्या शहराने 1447 साली काढला होता. सोळाव्या शतकात आपल्याकडच्या खाणींतले हिरे गोव्याहून जहाजाने लिस्बनला आणि तिथून अँटवर्पला जायचे. ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश आपलाच होता. 1585 मध्ये स्पॅनिश फौजांनी शहर घेतलं तेव्हा कितीतरी व्यापारी आणि कारागीर अ‍ॅमस्टरडॅमला निघून गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतला कच्चा माल यायला लागला आणि अँटवर्प पुन्हा उभं राहिलं. आज गोल हिऱ्याचा जो घाट आपण सगळीकडे पाहतो, त्याचं गणित 1919 साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी मांडलं. ते अँटवर्पमध्येच हिरे घडवणाऱ्या घराण्यात जन्मले होते. वरचा उतार साडेचौतीस अंशांचा आणि खालचा पावणेएक्केचाळीस अंशांचा ठेवला, तर आत शिरलेला प्रकाश खालून निसटत नाही, वरूनच परत येतो. हिऱ्याची खरी चमक त्या कोनांत आहे. खरेदीच्या वेळी हे लक्षात ठेवायचं आहे, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

आता "घाऊक भाव". रेल्वे स्टेशनच्या भव्य घुमटाला लागूनच हिऱ्यांची वस्ती आहे. होव्हेनियर्सस्ट्राट आणि आजूबाजूच्या दोन-तीन अरुंद गल्ल्या, तिथेच चार हिरेबाजार, तपासणी प्रयोगशाळा, पोलिसांचा कडक पहारा. बाजाराच्या दालनात सौदा ठरला की दोघे हात मिळवून "माझल" म्हणतात आणि शब्द पक्का होतो. ज्यू घराण्यांची ही रीत 1960 नंतर तिथे स्थिरावलेल्या पालनपूरच्या जैन व्यापाऱ्यांनीही उचलली. पण त्या दालनात सभासदांनाच प्रवेश असतो. तुम्हा-आम्हाला दिसतात ती पेलिकानस्ट्राटवरची काचेची दुकानं. ती किरकोळ विक्रीची दुकानं आहेत. त्यांचं भाडं, वीज, विमा, नफा सगळं त्या अंगठीच्या किमतीत धरलेलं असतं. घाऊक बाजाराच्या शेजारी उभं राहिल्याने घाऊक भाव मिळत नाही.

दुसरी गोष्ट तर आपल्याच घरची आहे. जगातल्या दहातल्या नऊ हिऱ्यांना पैलू पाडले जातात ते सुरतेत. अँटवर्पमध्ये मुख्यतः कच्च्या मालाचा व्यापार उरला आहे आणि मोठ्या, दुर्मीळ खड्यांचं काम. मुलीच्या बोटात बसेल एवढा खडा बहुतेक सुरतेत घासला गेला, मुंबईहून विमानाने तिकडे गेला आणि तिथे त्यावर 21 टक्के व्हॅट लागला. तो "स्वस्त पडतो" म्हणून आणणं मला पटत नाही.

या व्हॅटचा हिशेब नीट बघा, कारण दुकानदार "टॅक्स फ्री" म्हणेल तेव्हा गोंधळ होईल. 7 लाखांच्या बिलात करापूर्वीची किंमत साधारण 5,78,500 रुपये आणि व्हॅट 1,21,500. युरोपियन संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला तो परत मिळू शकतो, पण त्यासाठी वस्तू तीन महिन्यांच्या आत संघाबाहेर गेली पाहिजे आणि निघताना कस्टमचा शिक्का हवा. मध्ये काम करणारी कंपनी आपलं शुल्क कापून घेते. तुमची मुलगी तिथली रहिवासी, तिला हा परतावा नाही. तुमच्या पासपोर्टवर तुम्ही घेतला तर अंगठी इकडे आणावी लागेल आणि मग आपल्याकडचं सीमाशुल्क येईल. दागिन्यांची वेगळी सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी असते, सुट्टीवरून येणाऱ्यांसाठी नाही. शिवाय लग्नानंतर तीच अंगठी घालून मुलगी परत गेली, तर व्हॅट परत घेतलेली वस्तू ती पुन्हा संघात नेते आहे. विमानाने जाणाऱ्याला 430 युरोंपर्यंतच सूट आहे, त्यावरचं जाहीर करून कर भरायला हवा. तिचा व्हिसा, तिची नोकरी तिथे आहे. दीड लाखही नसलेल्या परताव्यासाठी तिला त्या काउंटरवर खोटं बोलायला लावू नका. अंगठी तिची, राहणार तिकडेच, तर व्हॅट भरून, तिच्या नावाच्या बिलावर घ्यावी. लग्नाला येताना बिलाची प्रत जवळ ठेवावी आणि सवलतीच्या मर्यादेवर जात असेल तर विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन सांगावं.

आता मोडीचं. सोन्याला मोड आहे. पाटल्या मोडल्या तर घडणावळ जाते, थोडी तूट धरतात, पण बाकीचे पैसे त्या दिवसाच्या भावाने हातात येतात. हिऱ्याला असा रोजचा एक भाव नाही, कारण कोणतेही दोन खडे सारखे नसतात. व्यापाऱ्याला हवा तेवढा माल घाऊक भावात, उधारीवर मिळतो. तुमचा एक खडा रोख देऊन घ्यायचा तर तो त्याहून बराच कमी देणार. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने वडिलांच्या ऑपरेशनसाठी सोलिटेअर, म्हणजे एकखडी हिरा, विकायला काढला. ज्या दुकानातून घेतला त्यांनीच रोख द्यायला नकार दिला, बदली दागिना घ्या म्हणाले. दवाखान्याच्या बिलासमोर बदली दागिना काय कामाचा! शेवटी बायकोची वेढणी विकून पैसे भरले. त्या माउलीचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं.

तुमच्या अंगठीचंच उदाहरण घेऊ. समजा, विकताना करापूर्वीच्या किमतीच्या 65 टक्के मिळाले, तर हातात पडतील सुमारे 3,76,000. नुसतं मुद्दल सुटायलाच भाव 86 टक्क्यांनी वाढायला हवेत. उलट 2022 नंतर पॉलिश केलेल्या नैसर्गिक हिऱ्यांचे भाव चांगलेच उतरले, आणि त्यामागे लॅबमधल्या हिऱ्यांचा मोठा हात आहे. हेच 7 लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत दहा वर्षं राहिले, तर करापूर्वी 13 लाखांच्या वर जातात.

म्हणजे यजमानांचं खरं? अडीनडीला उपयोगी पडण्याच्या बाबतीत, हो. पण 7 लाखांचं सोनं घ्या असंही मी म्हणणार नाही, कारण तुमच्या घरात आज कमी आहे ती रोकड. लग्नात मुलीला सोनं घालणारच असाल, तर ते त्या खर्चातूनच घ्या, जड घडणावळीचा सेट टाळा आणि एचयूआयडी (दागिन्यावरचा हॉलमार्क क्रमांक) तपासून घ्या. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, त्यात जडवलेल्या खड्याबद्दल काहीही सांगत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुलीच्या बोलण्याकडे मात्र मी गंभीरपणे बघेन. लॅबमधला हिरा हिराच असतो, डोळ्यांना फरक कळत नाही. त्याची मोड जवळपास शून्य, पण आपण मोडीचा विचार सोडलाच आहे. तिला खरंच चालत असेल, तर निम्म्याहून कमी पैशात मनासारखी अंगठी होईल. तिने तुमचे पैसे वाचावेत म्हणून तसं म्हटलं असेल, तर तेही तुम्हालाच कळेल. एकदा निवांत बसून विचारा.

नैसर्गिकच घ्यायचा ठरला तर अडीच ते पावणेतीन हजार युरोंत, अर्ध्या कॅरेटच्या आसपास. 0.50 कॅरेटला भाव एकदम पायरी चढतो, म्हणून 0.47-0.48 चा खडा मागा; बोटावर फरक दिसत नाही. अहवालातल्या श्रेणींत रंग जी किंवा एच, शुद्धता व्हीएस टू पुरे. तडजोड करायची नाही ती घाटावर (अहवालात "कट"): "एक्सलंट"च हवा. जीआयए किंवा एचआरडी अँटवर्प या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळांचा अहवाल मागा, त्यावरचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेसरने कोरलेल्या क्रमांकाशी भिंगातून जुळवून पाहा. स्टेशनसमोर "70 टक्के सूट"ची पाटी दिसली की पुढे चालायला लागा. शहराने पारखून "अँटवर्प्स मोस्ट ब्रिलियंट" हे नाव दिलेले सोनार आणि दागिनेवाले आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. आणि मनापासून सांगतो, खड्याच्या आकारापेक्षा घडणीवर पैसे गेले तर मला जास्त आनंद होईल. तिथे आजही स्वतः कल्पना करून, हाताने दागिना घडवणारी घराणी आहेत. वाउटर्स अँड हेंड्रिक्स हे घर दोघी मैत्रिणींनी 1984 मध्ये सुरू केलं, ते याच परंपरेतलं. खडा सुरतेचा असला तरी ती घडण अँटवर्पची असेल. खरेदीच्या आदल्या दिवशी दिवा हे दागिन्यांचं संग्रहालय बघून या, नजर तयार होते.

पैसे तुमच्या खात्यातून मुलीच्या खात्यावर बँकेमार्फत पाठवा. आईने मुलीला दिलेल्या भेटीवर आपल्याकडे तिला कर नाही, आणि वर्षाला 10 लाखांच्या आत असल्याने टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) कापला जात नाही. तिने तिथे कार्डाने द्यावेत. बेल्जियममध्ये 3,000 युरोंपेक्षा जास्त रोखीचा व्यवहार करता येत नाही, त्यामुळे पाकिटात नोटा घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

राहिले 14 लाख. 6 लाख लग्नाला, डिसेंबरपर्यंतच्या छोट्या ठेवीत. 3 लाखांपर्यंत अंगठी. 4 लाख वेगळ्या बँकेत, दोघांच्या नावे, हात न लावण्यासाठी. दुकानाचा एखादा महिना कोरडा गेला तर तेच उपयोगी पडतील. उरलेल्या एक लाखातून दोघांच्या आरोग्य विम्यावर टॉप-अप घ्या. यजमानांचं वय तुम्ही लिहिलं नाही. साठीच्या आत असतील तर हे काम जूनच्या प्रवासाआधीच उरका, कारण साठीनंतर हप्ता चढतो आणि तपासण्याही मागतात.