स्लीपर उतरवण्याआधी

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

लोंढ्याला रुजू झालीस आणि पहिल्याच पंधरवड्यात स्लीपरची, म्हणजे रुळाखाली आडव्या टाकायच्या तुळयांची, रेक (अख्खी मालगाडी) उतरवायचं काम आलं, असं वहिनींकडून कळलं. म्हणून लगेच लिहायला बसलो.

काँक्रीटचा एक स्लीपर अडीच क्विंटलच्या वर भरतो. किलोमीटरला 1660 धरले तर चारशे टनांहून जास्त माल झाला. मी नवा असताना गुंजीजवळ ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवायची वेळ, संपत आला म्हणून पहारी लावून बरेच स्लीपर वरूनच ढकलून दिले. पडलेले सगळे धड दिसत होते. बसवायला घेतले तेव्हा कुठे इन्सर्टजवळचा (क्लिप अडकवायच्या लोखंडी तुकड्याजवळचा) कोपरा उडालेला, कुठे रूळ बसतो तिथे केसाएवढी चीर. हातोडा मारून मारून रूळ धरणारी क्लिप शिरेना. भर पावसात ते परत बाहेर काढावे लागले. घाई माझी होती, कंबरडं मोडलं गँगचं.

आधी वॅगनवर चढून थप्पी बघ. दोन थरांमधल्या लाकडी पट्ट्या रूळ बसतो त्याच जागी हव्यात, खालपासून वरपर्यंत एका ओळंब्यात. पट्टी मध्यावर सरकली असेल तर खालचा स्लीपर वरच्या वजनानं तडकतो. माल दोन्ही बाजूंनी सारखा उतरव. एकीकडे भरलेली, एकीकडे रिकामी वॅगन वळणावर हलवायची नाही म्हणजे नाही.

ट्रॅक रिलेइंग ट्रेनच्या, म्हणजे जुने स्लीपर काढून नवे टाकणाऱ्या मशीनगाडीच्या, वॅगन निराळ्या. त्यांच्या दोन्ही कडांना रूळ असतात. त्यावरून गँट्री क्रेन धावते, नवे स्लीपर उचलून मशीनपाशी नेते आणि जुने घेऊन परतते. फार देखणं काम! फक्त दोन वॅगनवरच्या रुळांमधला जोडतुकडा नीट बसलाय ना, हे दुसऱ्यावर सोडू नकोस.

बूमची (लांब हाताची) क्रेन असेल तर वर 25 हजार व्होल्टची तार आहे. पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेतली वीज बंद केल्याचा कागद, लेखी हातात येऊन तार जमिनीला जोडेपर्यंत (अर्थिंग) बूम उठता कामा नये. आणि इशारा एकानंच द्यायचा, तोही हातानं. आपल्याकडे कुणी ‘सावकाश’ ओरडतो, कुणी कानडीत ‘निधान’, इंजिनाच्या आवाजात क्रेनवाल्याला दोन्ही ऐकू येत नाही.

ब्लॉक सोडण्याआधी मुकादमाला घेऊन पायी फिर, उतरवलेला माल रुळापासून पुरेसा लांब आहे ना ते बघ. खानापूर भागात पाऊस लागला की थप्प्या मातीत रुततात. कुठली जागा टणक, हे त्यालाच विचार.

तुझा,
काका