आधी स्पायरोमेट्री शीक

प्रिय डॉक्टर,

छातीविकारात एमडी झालीस, फुप्फुस प्रत्यारोपणाच्या संशोधनात शिरायचंय, आणि टोरांटोची फेलोशिप मिळेपर्यंतचं वर्ष इथे फुकट जाणार, असं तू लिहितेस. टोरांटोला जरूर जा. पण तिथे मुळात काय घडलं ते समजून घेऊन जा. आपल्याकडच्या बहुतेकांना फुप्फुस शरीराबाहेर तपासणारं तिथलं यंत्र तेवढं ठाऊक असतं.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत सर्जन जेम्स हार्डी यांनी माणसात पहिलं फुप्फुस बसवलं. पेशंट १८ दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले. बेल्जियममध्ये देरोम यांचा एक पेशंट दहा महिने टिकला, तेवढाच काय तो दिलासा. घोडं पुन्हापुन्हा अडायचं ते श्वासनलिकेच्या जोडापाशी. मूत्रपिंड बसवताना त्याची धमनी जोडली की त्याला रक्त मिळतं. फुप्फुसात मात्र श्वासनलिकेला रक्त देणारी बारीक ब्रोन्कियल धमनी सहसा जोडलीच जात नाही, त्यामुळे जोड रक्तावाचून सडतो आणि उसवतो. त्यात रिजेक्शनच्या, म्हणजे शरीराने नवं फुप्फुस नाकारण्याच्या, धास्तीने स्टेरॉइडचा मारा व्हायचा. टोरांटोचे सर्जन जोएल कूपर यांचा १९७८ मधला पेशंटही या जोडापायीच गेला. त्यानंतर ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांकडे वळले. जखम भरू न देण्यात स्टेरॉइडचा मोठा हात आहे, रिजेक्शन रोखणाऱ्या सायक्लोस्पोरिनचा तसा नाही, हे तिथे दिसलं. पोटातला ओमेंटमचा, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीचा, पदर वर ओढून जोडाभोवती गुंडाळला तर त्याला रक्त मिळतं, हेही. १९८३ मध्ये टोरांटो जनरलमध्ये त्यांनी केलेला पेशंट सहा वर्षांहून जास्त जगला.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी प्रश्न फार लहान करून घेतला. ‘प्रत्यारोपण का फसतं’ हा विषय भाषणाला बरा. ‘हा जोड का उसवतो’ यावर काम करता येतं. शरीराबाहेर फुप्फुसात द्रव फिरवून ते तपासण्याचं यंत्र, ज्याच्यावर तू भाळली आहेस, तेही असंच आलं. स्वीडनमधल्या लुंडच्या स्टीन यांनी द्रव बनवला, टोरांटोच्या गटाने नाकारायच्या बेतातली फुप्फुसं चार तास त्यावर ठेवून पाहिली आणि २०११ मध्ये त्यातून झालेली वीस प्रत्यारोपणं प्रसिद्ध केली. यंत्र देखणं आहे, खर्चिकही आहे. तुझा पहिला प्रश्न त्यात नसावा असं माझं मत.

आज घोडं अडतं ते जुनाट रिजेक्शनपाशी. पाच वर्षांत जवळपास निम्म्या पेशंटांना ते गाठतं. त्याची व्याख्या काय? एफईव्ही-१, म्हणजे जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, प्रत्यारोपणानंतरच्या उत्तम पातळीपेक्षा २० टक्के किंवा जास्त उतरला, दुसरं कारण सापडलं नाही आणि तो परत वर आला नाही. म्हणजे सगळी भिस्त एका फुंकेवर. म्हणून म्हणतो, आधी महिनाभर पीएफटी रूममध्ये, म्हणजे ही फुंक मोजणारी स्पायरोमेट्री चालते तिथे, बस. टेक्निशियन ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका’ असं ओरडत असते. पेशंट पहिल्याच सेकंदात ओठ सैल करतो, आलेख मध्येच तुटतो, आणि ती रिपोर्ट न बघताच ‘काका, परत’ म्हणते. दोन चांगल्या फुंकांमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही. ही शिस्त नसेल तर तुझा २० टक्क्यांचा उतार खरा की ओठातून गळालेला, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही.

आणि आपला टीबी. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू केलं की रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी धाडकन कोसळते. टीबी आवरायला जावं तर रिजेक्शन बोकांडी. टोरांटोला हा प्रश्न क्वचित पडतो, आपल्याला तो पडणारच. त्याऐवजी रिफाब्युटिन घ्यावं का, टॅक्रो किती वाढवावा, पातळी किती दिवसांनी बघावी, यावर आपली माणसं, आपले डोस धरून नीट लिहिलेलं फार थोडं वाचायला मिळतं. सिनियरांना विचार, बहुतेक जण अंदाजाने चालवतात. (मीही.)

प्रत्यारोपण समन्वयकांशी ओळख करून घे. मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांमधल्या किमान सहा तासांत नातेवाइकांशी तेच बोलत असतात, आणि व्हेंटिलेटरवरचं फुप्फुस त्याच वेळात बिघडत असतं. डोनरचं सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, कुणी केलं, किती वेळा केलं, हे केसपेपरात शोधून बघ. बऱ्याचदा नोंदच नसते.

भेटायला येशील तेव्हा रिसर्च प्रपोजल नको. हाताने लिहिलेलं एक पान आण, एकच प्रश्न, आणि तो मोजणार कशाने तेवढं. शनिवारी ओपीडीनंतर मी मोकळा असतो.

तुझा,
सर