गाडीच्या रंगाआधी कार्डाचं बघा

तुमच्या पत्रातला हिशोब असा. गाडी १४ वर्षांची, पुढच्या दोन्ही मडगार्डवर आणि एका दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फुगे. गाडीची आजची किंमत १०० धरली तर डेंटिंग-पेंटिंगवाला ३० मागतोय, कॉम्प्रेसर, स्प्रे गन, ग्राइंडर घेऊन घरी केलं तर २०, आणि मग गाडी १४० ला विकायची. पैसे क्रेडिट कार्डावर. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की कार्डावर आधीच ६० थकलेत, महिना ३ टक्के व्याज, तुम्ही मिनिमम भरताय, आणि एक बचतीची विमा पॉलिसी आहे, सरेंडर केली तर ५० हातात येतील पण ती मोडायची नाही.

अहो, रंगाचं राहू द्या बाजूला!

महिना ३ म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण ४२ टक्के. पॉलिसी देणार जेमतेम ५. म्हणजे ५० वर तुम्ही वर्षाला अडीच कमावताय आणि तेवढ्याच कर्जावर २१ घालवताय, रंगात वाचवायला निघालात ते १०. ज्याने ही पॉलिसी गळ्यात मारली त्याने विमा आणि बचत एकत्र म्हणून सांगितलं असेल, प्रत्यक्षात कव्हर तुमच्या दोन वर्षांच्या पगाराएवढंही नाही, घरात दोन लहान मुलं आहेत, मला याचा खरंच राग येतो. आधी साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा, घ्या, तो हातात आला की मगच ही सरेंडर करा, ५० सरळ कार्डात, उरलेले १० चार-पाच महिन्यांत फेडा आणि तोवर कार्डावर नवीन काही नको.

आता १४० चं. नाही मिळणार. जुनी गाडी घेणारा लोहचुंबक फिरवून बघतो, पुट्टी जाड असेल तिथे तो चिकटत नाही, आणि ताजा रंग दिसला की आधी अपघाताची शंका. मेटॅलिक रंग असेल तर एकच पॅनल मारून शेड जुळणं अवघड, शेजारच्या पॅनलवर थोडा मिसळत न्यावा लागतो, पहिल्याच खेपेला ते हाताला येत नाही.

पण गंज थांबवणं वेगळं, ते करा, सामान ५ च्या आत, ग्राइंडर कुणाचा तरी मागून आणा. फुगा दिसतो त्यापेक्षा खाली गंज जास्त पसरलेला असतो, त्यामुळे चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, लगेच इपॉक्सी प्रायमर (पत्र्यावरचा अस्तराचा रंग), मग पातळ पुट्टी, २-३ मिलिमीटरच्या वर नको. गंजावरच पुट्टी मारली तर काही महिन्यांत फुगे परत. दाराच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी करा, गंज बहुतेक तिथूनच, आतून आलाय. हार्डनरवाला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घरी मारू नका, त्यातलं आयसोसायनेट हे रसायन फुफ्फुसाला घातक, एकदा त्रास सुरू झाला की दमा मागे लागतो, साधा धुळीचा मास्क तिथे काही कामाचा नाही. आणि दाराखालचा उंबरठा स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघा, आत गेला तर ते वेल्डिंगवाल्याचं काम.

पुढच्या महिन्यात पॉलिसीचा हप्ता आहे म्हणता, टर्मचा अर्ज याच आठवड्यात टाका.