गरम झाला की ब्लोअर रुसतो

प्रश्न : सिव्हिल लाइन्समध्ये मोठं आवार आहे, पाला उडवायला पेट्रोलचा ब्लोअर घेतला. थंडा असताना दुसऱ्या ओढीत सुरू होतो. वीस मिनिटांनी बंद. अर्ध्या तासाने पुन्हा ठणठणीत. मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर धुतला.

उत्तर : तिसऱ्यांदा धुवू देऊ नका, भाऊ. आणि मशीन बंद पडलं की चहाला निघून जाऊ नका. हा आजार गरम असतानाच सापडतो, थंड झाल्यावर दाखवाल तर मेकॅनिकला मशीन धडधाकटच दिसणार.

बंद कसा पडतो ते आधी ऐका. आचके देत, रेस उतरत मेला तर पेट्रोल पोचत नाही. अशा वेळी टाकीचं झाकण हळूच सैल करा. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि मशीन लगेच सुरू झालं, तर टाकीत हवा घेणारं छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, मग पेट्रोल टाकीतच अडकतं. झाकण साफ करून भागलं नाही तर बदला. खर्च किरकोळ.

स्विच मारल्यासारखा एकदम बंद पडत असेल तर स्पार्क बघा. झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा. जुना प्लग जागेवरच राहू द्या. त्याच्यावरची वायरची टोपी काढून तिच्यात दुसरा चांगला प्लग बसवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, टाकीपासून लांब, आणि दोरी ओढा. टोपी रबराच्या बाजूने धरा, नाहीतर झटका बसेल. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारा भाग, गेली. आतली तार तापून फाकते, निवली की पुन्हा टेकते. कॉइल दुरुस्त होत नाही, नवीच टाका. बसवताना चुंबक आणि कॉइलमध्ये साधं व्हिजिटिंग कार्ड धरून फट ठेवा. बहुतेक मशीनना साधारण 0.3 मिमी लागते.

प्रश्न : काटोलकडे संत्र्याची बाग आहे. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप दोन टाक्यांनंतर दम सोडतो. तेव्हा दोरीही हलकी लागते. पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजानेच टाकतो.

उत्तर : ‘अंदाजाने’ इथेच घोळ आहे. गरम असताना दोरी हलकी लागते म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, जातंय. थंड झाल्यावर सायलेन्सर काढून आत डोकवा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर पिस्टन-सिलिंडरचं काम निघालं, दुसरा उपाय नाही. पुढे मापानेच टाका : पुस्तिकेत 50:1 असेल तर लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, 25:1 असेल तर 40. आता पेट्रोल पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं. मागच्या हंगामातला उरलेला डबा वापरू नका.

प्रश्न : सोसायटीचा माळी म्हणतो, ब्लोअर नागपूरच्या उन्हानेच बंद पडतो. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. मे अखेरच्या नवतप्यात 45 अंशांची हवा इंजिन काय थंड करणार! पण तेवढ्याने चांगलं मशीन बंद पडत नाही. मार्चमध्ये एका ब्लोअरचं कव्हर उघडलं, तर सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये कडूनिंबाच्या काड्या आणि धूळ इतकी ठासलेली, की पाती दिसतच नव्हती. कोरड्या ब्रशने काढा, पाण्याने धुऊ नका. सायलेन्सरच्या तोंडाची जाळीही काजळीने बुजते, ती तारेच्या ब्रशने घासा. आणि माळ्याला सांगा, तापल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं. चहा तेव्हा घ्यावा.