छातीच्या ऑपरेशननंतर निपल वेगळं दिसतंय म्हणतोस…

प्रिय दोस्ता,

वाढलेल्या छातीच्या (डॉक्टरी भाषेत गायनेकोमास्टिया) ऑपरेशननंतरचे तुझे फोटो पाहिले. छाती सपाट झाली आहे, टाक्यांची रेघ छान बसली आहे, पण तुझं तिकडे लक्षच नाही. तुला दिसतंय ते फक्त निपल: लहान झालेलं, सुरकुतलेलं, डावीकडचं जरा आत गेलेलं. त्यात नवल नाही. माझी अख्खी नोकरी प्लास्टिक सर्जरीच्या ड्रेसिंग रूममध्ये झाली. ऑपरेशननंतर छाती दाबून धरणाऱ्या घट्ट जॅकेटची चेन खाली येते तेव्हा पोरांची नजर आधी कुठे जाते, ते चांगलं ठाऊक आहे मला. ऑपरेशनआधी मात्र ‘किती सपाट होईल’ एवढंच सगळे विचारतात. निपलबद्दलची ओळ संमतिपत्रावर असते, पोरगा ती न वाचताच सही ठोकतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा मला तुझ्या सर्जनच्या जागी धरू नकोस.

आधी तो आक्रसलेला गोल. तुझ्या निपलमागे स्तनग्रंथीचा घट्ट गोळा होता. तो मागून रेटत होता, म्हणून भोवतालचा गडद भाग, ज्याला डॉक्टर एरिओला म्हणतात, ताणून मोठा आणि गुळगुळीत दिसायचा. टी-शर्टातून दिसणारं ‘पफी’ म्हणून तू ज्याला वैतागला होतास, ते हेच. गोळा गेला, रेटा गेला, कातडी आपोआप आवळली. पुरुषाचा एरिओला साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो, ग्रंथी वाढली की तो याहून पसरतो. म्हणजे तुझा गोल आता मूळ मापाकडे निघाला आहे. शिवाय त्या कातडीखाली बारीक स्नायू असतात. थंडी वाजली, पाण्याचा हबका बसला, कापड घासलं की ते आवळतात आणि गोल सुरकुततो. आधीही आवळत होते, पण ताणामुळे एवढं दिसत नव्हतं. तुझ्या पाच फोटोंतले दोन आंघोळीनंतरचे असणार, पैज लावतो.

डावीकडच्या खळग्यावर मात्र जरा थांबतो. सर्जन ग्रंथी मुळापासून खरवडून काढत नाहीत. निपलच्या मागे साधारण एक सेंटिमीटर जाडीची चकती मुद्दाम ठेवतात. यावरून पेशंटचे नातेवाईक भांडलेलेही मी ऐकलेत: “पैसे सगळ्याचे घेतले आणि थोडी ठेवली?” ती चकती ठेवली नाही तर निपल थेट छातीच्या स्नायूवर टेकतं, तिथेच चिकटतं आणि बशीसारखा खळगा पडतो. जाड ठेवली तर पफीपणा राहतो. हा अंदाज घ्यायचा असतो टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाच्या छातीवर, तीही लायपोसक्शनसाठी (नळीने चरबी ओढून काढण्यासाठी) भरलेल्या औषधी पाण्याने फुगलेली असताना. दोन्ही बाजू अगदी तंतोतंत जुळतील ही अपेक्षा म्हणूनच धरू नये. ऑपरेशनआधीचे फोटो काढून बघ, तेव्हा तरी कुठे जुळत होत्या?

तुझा खळगा खरा की नुसता वाटतो, ते पाचव्या आठवड्यात सांगता येत नाही. भोवतालची सूज उंच असली की मधलं निपल खोल दिसतं. बरीचशी सूज तीन महिन्यांत उतरते, चिवट सूज सहा महिनेही रेंगाळते. एक करून बघ: आरशासमोर दोन्ही हात कमरेवर हलके दाबून छातीचा स्नायू आवळ. तेवढ्यात निपल आत खेचलं जात असेल, तर ते खाली चिकटलेलं असू शकतं. पुढच्या भेटीत सर्जनला हे करून दाखव आणि मालिश कधीपासून, कशी करायची ते विचार. खळगा कायम राहिलाच तर पोटामांडीची थोडी चरबी भरून तो बऱ्यापैकी उचलता येतो. पण पुन्हा हात घालायचा तर सर्जन किमान सहा महिने, पुष्कळदा वर्षभर थांबतात. दुसऱ्याच महिन्यात ‘लगेच करून टाकू’ म्हणणारा भेटला, तर माझ्या मते तिथून चपला घालून निघावं.

निपलखाली कडक लागतं, ती बहुतेक वेळा परत आलेली गाठ नसते. आतली जखम भरताना तिथली ऊती काही काळ टणक होते, मग हळूहळू मऊ पडते. तू मात्र दिवसातून दहा वेळा ती चाचपतोस, मग हुळहुळणारच.

बधिरपणाचं म्हणशील तर तो जायला काही महिने, कधी वर्षभरही लागतं. मध्येच करंट मारल्यासारखं होतं, मुंग्या येतात, ते नसा सावरत असल्याचं लक्षण. काहींना उलट बनियनचा स्पर्शही सोसवत नाही. थोड्या जणांना किंचित बधिरपणा कायमचा राहतो, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

टाक्यांची रेघ एरिओलाच्या खालच्या काठावर अर्धगोल आहे ना? 1946 साली वेबस्टर नावाच्या सर्जनने ही वाट मांडली. कातडीचा रंग जिथे बदलतो तिथेच चिरलं की व्रण लपतो. त्याच्याही कितीतरी आधी, सातव्या शतकात, एजिनाचा पॉल या ग्रीक वैद्याने पुरुषांच्या वाढलेल्या छातीसाठी चंद्रकोरीच्या आकाराची चीर लिहून ठेवली आहे. म्हणजे ही तक्रार काही जिममधल्या पोरांनी आणलेली नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत रेघ आधी लाल-जांभळी, मग काळपट होते आणि निवळायला वर्ष-दीड वर्ष घेते. कान टोचल्यावर किंवा लशीच्या जागी तुला किंवा घरात कोणाला गाठ आली असेल तर ते डॉक्टरांना सांग. केलॉइडची, म्हणजे व्रणावर जाड गाठ वाढत जाण्याची, प्रवृत्ती असली तर लक्ष ठेवावं लागतं. सिलिकॉन जेल त्यांना विचारून लाव. हळद, कोरफड, मावशीने सांगितलेलं तेल, काही नको.

आणि ज्या पोराचे फोटो पाहून तुझी झोप उडाली, त्याचं ऑपरेशनच वेगळं होतं. सायमन नावाच्या सर्जनने 1973 मध्ये केलेली या वाढीची प्रतवारी अजून केसपेपरवर लिहितात. तुझी दुसरी ‘अ’: वाढ मध्यम, कातडी जास्तीची नाही. तिसऱ्या प्रतीत कातडी लोंबते, ती कापावी लागते, आणि कधी कधी निपल पूर्ण सुटं करून नव्या जागी कलम म्हणून लावतात. त्यात संवेदना जाते, निपल चपटं होतं, रंगात पांढुरके ठिपके पडू शकतात. तुझं निपल मूळ जागेवरून सोडवलेलंच नाही, मग त्या फोटोंशी तुलना कशाला?

काही बाबतींत मात्र थांबायचं नाही. एक बाजू अचानक फुगून ठणकायला लागली, आत पाणी डुचमळतंय असं वाटलं, निपल काळंनिळं पडलं, पू किंवा ताप आला, तर मला फोटो पाठवत बसू नकोस, थेट हॉस्पिटलला फोन कर. सिगारेट टपरीवरची ‘एकच’ सुद्धा नको. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि निपलला रक्त आधीच बेताचं मिळत असतं. जिममध्ये कोणी इंजेक्शन देऊ केलं तर त्याला हात जोड. त्या स्टिरॉइडचं काही अंशी शरीरात इस्ट्रोजेन होतं आणि ठेवलेली ती चकतीच पुन्हा वाढू शकते.

फोटो महिन्यातून एकदा काढ, त्याच जागी, त्याच उजेडात, अंग कोरडं आणि कोमट असताना. पुढच्या भेटीत काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घे आणि फाईलला लाव. जॅकेट अजून किती दिवस, तेही विचार. उकाड्यामुळे रात्री काढून झोपत असशील तर आत पातळ सुती बनियन घाल, पण डॉक्टर सांगेपर्यंत जॅकेट राहू दे.

तुझा,
ड्रेसिंगवाला दादा